सुईवाली बाई

नूतनबाई निमगडे कुणाचा हेवा करणाऱ्या बाई नव्हत्या. धाकट्या बहिणीने बल्लारपुरात दुमजली घर बांधलं, तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचं सगळं ह्यांनीच अंगावर घेतलं होतं. सोबत नोकरीला लागलेल्या बाया एकेक करून बदलीने चंद्रपूरकडे, वरोऱ्याकडे सरकल्या. ह्या मात्र आलापल्लीच्या पुढे, आत जंगलात, कुसुमटोल्याच्या शाळेवर अकरा वर्षं राहिल्या आणि त्याबद्दल कधी कुरकुरल्या नाहीत.

कुसुमटोला म्हणजे चाळीसेक घरं, सगळी गोंडांची. शाळा दोन खोल्यांची, पहिली ते चौथी, पटावर तेवीस लेकरं. बाई आठवडाभर आलापल्लीला भाड्याच्या खोलीत राहायच्या, रोज स्कुटीने शाळेत येऊन-जाऊन करायच्या आणि शनिवारी बल्लारपूरला घरी, नवरा अंकुश आणि मुलगा आयुष यांच्याकडे जायच्या.

पहिल्या वर्षी लेकरं त्यांच्या तोंडाकडे नुसती बघत बसायची. बाईंची मराठी त्यांना कळत नव्हती आणि त्यांची गोंडी बाईंना. मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुखमाबाईजवळ, चुलीच्या धुरात बसून, बाई गोंडी शिकल्या. खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी दोनशे कार्डं हाताने रंगवली. एका बाजूला चित्र आणि गोंडी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. कोर म्हणजे कोंबडी, येर म्हणजे पाणी, मरा म्हणजे झाड. बाईंची गोंडी शेवटपर्यंत अडखळतच राहिली, लेकरं तिला हसायची, पण हसता हसता शिकायची. कुसुमटोल्यात ज्याला म्हणून वाचता येतं ते नूतनबाईंच्या हातचं, असं गाव म्हणायचं. बाईंना ते ऐकायला आवडायचं. त्यांचा गर्व काय तो एवढाच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि बाईंचं काम दुप्पट झालं.

आधी रस्त्यावरच्या नाक्यावर नेमणूक आली. उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहायचं, कपाळाला तापाची बंदूक लावायची. बाईमाणसाला लघवीला जायचं तर अर्धा किलोमीटर चालत जंगलात. त्याच उन्हाळ्यात दुसरे शिक्षक मुखरू गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. मग घरोघरचे सर्वे, मग पोषण आहाराचा तांदूळ दारोदार पोचवणं, मग ग्रामपंचायतीची निवडणूक. ह्या सगळ्यात रोज सकाळी मोबाइलवर वरून निरोप यायचा: आज किती विद्यार्थ्यांनी ऑनलाइन अभ्यास केला, दुपारी बारापर्यंत कळवा. तेवीस लेकरांच्या गावात चार फोन होते आणि नेटवर्क मिळायचं ते टेकडीवरच्या एका खडकावर. पहिले दोन महिने बाईंनी खरा आकडा कळवला. त्यावर खुलासा मागवला गेला. तिसऱ्या महिन्यापासून त्या डोळे मिटून एकोणीस लिहू लागल्या. मग कुणी काही विचारलं नाही.

हेव्याची पहिली ठिणगी पडली ती त्या दिवसांत, आणि तीही नको तिथे पडली. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली माणसं पायी परत आली, तेव्हा त्यांना चौदा दिवस शाळेतच ठेवलं होतं. बाईंकडे त्यांचं रजिस्टर होतं. सकाळी नाका उरकून बाई तिथे यायच्या तेव्हा ती माणसं वर्गात, फळ्याखाली, गोधड्या टाकून गाढ झोपलेली असायची. शेकडो मैल चालून पायांच्या चिंध्या झालेली माणसं ती. तरी दारात उभं राहून बाईंना वाटायचं, ह्यांना निदान कुणी चौदा दिवस पडून राहा म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बाईंना स्वतःला बिमारी झाली, तेव्हा ताप अंगात असताना त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हाच की आता दोन आठवडे कुणी बोलावणार नाही. तेराव्या दिवशी लसीकरणाचा आदेश आला.

त्या मिरची तोडणाऱ्यांत दीपिका सडमेक होती. वय वीस, बारावी पास, पुढे शिकायची सोय नाही म्हणून आईबापासोबत मजुरीला लागलेली. तिचे हात मिरचीने भाजून सोललेले होते. तिने एकदा मास्कआडून विचारलं होतं, "बाई, कपाटातले पुस्तकं पाहू का? दिवस जात नाई." बाईंनी खिशातली किल्ली काढून तिच्याकडे टाकली आणि रजिस्टर भरत बसल्या. किल्ली परत मागायची त्यांना पुढे आठवणही झाली नाही.

लसीकरणाने मात्र बाईंना पार पिळून काढलं. गावोगाव लोक टोचून घ्यायला तयार नव्हते. पथक आलं की माणसं जंगलात पळायची. मग पथकाच्या जीपमध्ये पुढे नूतनबाईंना बसवायचे, कारण त्यांना थोडी गोंडी यायची. म्हाताऱ्यांची समजूत घालायची, शिव्या खायच्या, नाव लिहून घ्यायचं, संध्याकाळी त्याची माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत भरायची. घरी गेल्या तरी बाई कुणाशी बोलेनाशा झाल्या. आयुष काही सांगायला आला की त्या हो हो म्हणायच्या आणि काय सांगितलं ते त्यांना आठवायचं नाही. अंकुशने दोनदा सुचवलं, सुट्टी टाक. सुट्टीचा अर्ज दोनदा परत आला.

ऑगस्ट २०२१च्या दुसऱ्या आठवड्यात तांदूळ आणि स्वाध्यायपुस्तिका घेऊन बाई कुसुमटोल्यावर गेल्या. शाळेच्या पटांगणात गुडघाभर तरोटा माजला होता. स्कुटी लावताना त्यांना आवाज ऐकू आला. लेकरं एका सुरात वाचत होती.

आवाज गोटुलाकडून येत होता. गोटूल म्हणजे गावाची बैठकीची जागा, चारी बाजूंनी मोकळी, वर कौलं. तिथे लेकरं हात-हात अंतरावर, प्रत्येकाच्या पुढ्यात एक दगड ठेवून बसली होती आणि मध्ये दीपिका उभी होती. तिच्या हातात बाईंची कार्डं होती. कार्डांचे उडालेले रंग कुणीतरी पुन्हा भरले होते आणि त्यांच्यासोबत नवीन पन्नास-साठ कार्डं केलेली होती. बाईंना कधीच सुचले नव्हते असे शब्द त्यांच्यावर होते. जाळ्याचे, मोहाचे, नाचाचे.

लच्छू नावाचं एक पोरगं होतं. दुसरी संपत आली तरी त्याला अक्षर लागत नव्हतं. दोन वर्षं बाईंनी त्याला मांडीशी घेऊन बसवलं होतं आणि शेवटी हात टेकले होते. तो लच्छू उभा राहिला आणि पुस्तकातला अख्खा धडा न अडखळता वाचून गेला. वाचून झाल्यावर त्याने बाईंना पाहिलं. धावत आला आणि म्हणाला, "बाई, मले वाचता येते. आमच्या बाईनं शिकवलं."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शाब्बास म्हणाल्या. आमच्या बाईनं. अकरा वर्षं ती आमची बाई कोण होती?

तेवढ्यात पुढे बसलेली दोन-तीन लहान लेकरं रडायला लागली. ती लॉकडाउनमध्ये पहिलीत नाव घातलेली, त्यांनी बाईंना शाळेत कधी पाहिलंच नव्हतं. जीपमध्ये पाहिलं होतं. एकीने दीपिकाचा पदर धरला आणि गोंडीत काहीतरी ओरडली. बाईंना तेवढी गोंडी कळत होती. सुईवाली बाई आली, असं ती म्हणत होती.

दीपिका लाजली. तिने लेकरांची समजूत घातली, बाईंना बसायला चटई दिली आणि सगळं सांगितलं. मिरचीहून आल्यावर काम नव्हतं. लेकरं दिवसभर उंडारायची. तिने पुस्तकं काढली, चार लेकरं बसली, मग दहा, मग सगळीच. अकरा महिने झाले होते. तिला वाटलं होतं बाईंना आनंद होईल, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ती एक गोष्ट सांगायला लागली की लेकरं आपसूक तिच्या तोंडाकडे बघायची. बाईंनी घासून घासून कमावलेली गोंडी हिच्या तोंडात आईच्या दुधासोबत आलेली होती. कुणी हसत नव्हतं.

बाईंची नजर फळ्यावर गेली. दीपिकाने 'आशीर्वाद' लिहिताना रफार भलत्याच अक्षरावर दिला होता.

"हे चुकलं तुझं," बाई म्हणाल्या, सगळ्या लेकरांसमोर, मुद्दाम मोठ्याने. "लेकरायले चुकीचं शिकवशीन त जन्मभर चुकीचंच लिहितीन थे."

दीपिकाने लगेच पुसलं. बरोबर कसं ते विचारून घेतलं, तसं लिहिलं आणि लेकरांना म्हणाली की आज आपण बाईंकडून एक शिकलो. तिच्या मनात काही नव्हतं. बाईंना तेच जास्त झोंबलं. ती उलटून बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

आलापल्लीच्या वाटेवर स्कुटी चालवताना बाईंच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. मी नाक्यावर ऊन खाल्लं, शिव्या खाल्ल्या, बिमारी अंगावर काढली, आणि लेकरं हिची झाली. मला कुणी वर्गात उभं राहू दिलं असतं तर मी हे केलं नसतं का? राग खरं म्हणजे ज्यांनी त्यांना वर्गातून उपसून रस्त्यावर बसवलं त्यांच्यावर असायला हवा होता. पण ते होते दूर, कागदावरच्या सहीत, आणि दीपिका होती समोर, हातात त्यांची कार्डं घेऊन. माणूस समोर दिसेल त्याच्यावरच जळतो.

चार दिवस त्यांनी स्वतःला समजावलं. पाचव्या दिवशी त्या परत गेल्या. कपाटाची किल्ली मागून घेतली. शाळेच्या सामानाची तपासणी होणार आहे, म्हणाल्या. कार्डं, पुस्तकं, फळा सगळं आत टाकून कुलूप लावलं. दीपिकाने स्वतः केलेली नवीन कार्डंही त्यात गेली. ती कुलूप लागेपर्यंत दारात उभी राहिली. मग बाई पोलीस पाटील बिरजू तलांडी यांच्या ओसरीत जाऊन बसल्या आणि अगदी कळवळून सांगितलं की लेकरं एकत्र बसवायला वरून मनाई आहे. उद्या एखाद्याला काही झालं तर जबाबदारी गावावर येईल, त्या पोरीवर गुन्हासुद्धा होऊ शकतो.

ह्यात खोटं काही नव्हतं. मनाई होती. पण लेकरं मोकळ्या हवेत लांब लांब बसत होती, गावात वर्षभरात एकही रोगी निघाला नव्हता, आणि हे पाहून आलेल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने तिकडे कानाडोळा केला असता. नूतनबाईंना हे बोलतानाच माहीत होतं.

बिरजूभाऊ हळूहळू मान हलवत होते. "तुम्ही सांगतल्यावर काय, बाई," ते म्हणाले. "तुमचा शब्द हाय."

दुसऱ्या दिवसापासून गोटूल रिकामं झालं. परतताना बाईंना खूप हलकं वाटलं होतं, हे नंतर त्यांना सगळ्यात जास्त टोचलं.

पुढचे तीन महिने त्या पुन्हा जीपमध्ये होत्या. एक डिसेंबरला पहिली ते चौथीच्या शाळा उघडल्या. त्या दिवसाची बाईंनी पावणेदोन वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी पटांगण साफ करून घेतलं, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, कपाट उघडलं. तेवीसपैकी चौदा लेकरं आली. बाकीची बकऱ्यांमागे होती, काही आईबापांसोबत कापूस वेचायला गेली होती. बाईंनी खडू उचलला, फळ्यापुढे उभ्या राहिल्या, आणि काय लिहायचं ते त्यांना आठवेना. म्हणजे आठवत होतं, पण हात उचलावासा वाटेना. चौदा तोंडं त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना एकच वाटत होतं, ह्यांनी माझ्याकडे बघू नये. त्यांनी लेकरांना पाढे लिहायला सांगितलं आणि खुर्चीत बसल्या. दुसऱ्या दिवशीही पाढे, तिसऱ्याही. लच्छू पुस्तक घेऊन टेबलाशी आला, वाचू लागला आणि दुसऱ्या ओळीला अडकला. ऑगस्टमध्ये झरझर वाचणारं पोरगं. त्याने पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसला. बाई त्याला परत ये म्हणाल्या नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी खिचडीच्या चुलीपाशी त्यांनी रुखमाबाईला विचारलं की दीपिका दिसत नाही. रुखमाबाईने फुंकणी बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं. पाटलांनी बैठकीत सांगितलं तेव्हा लोक घाबरले होते. पत्रू सडमेकची पोरगी गावावर बिमारी आणणार होती, पोलीस आणणार होती, असं घरोघर बोललं गेलं. नव्या धानाच्या सणाला पत्रूच्या घरच्यांशेजारी पंगतीत कुणी बसलं नाही. मग दिवाळीआधीच ते तिघं वरोऱ्याकडे कापूस वेचायला निघून गेले. जाताना पोरगी रुखमाबाईला भेटून गेली. विचारत होती, आपलं काय चुकलं.

"तुम्ही तिले वाचवलं म्हणे बाई, गुन्ह्यापासून," रुखमाबाई म्हणाली. तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं.

बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. शनिवारी घरी आल्यावर त्यांनी अंकुशला सगळं सांगितलं, काही न लपवता. त्याने ऐकून घेतलं. तो काही उपदेश करणारा माणूस नव्हता. एसटीचा संप चालू होता, म्हणून रविवारी सकाळी त्याने मोटारसायकल काढली आणि दोघं वरोऱ्याला गेले. गावातल्या एका फोनवरून शेताचा पत्ता मिळाला होता. पुढे विचारत विचारत ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. अंकुश बांधावरच थांबला.

दीपिका कपाशीच्या एका ओळीत होती, कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी कापूस वेचत. बाईंना पाहून तिने ओटी सोडली नाही.

बाईंनी वाटेत पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. किती थकले होते, कशी बिमारी झाली होती, पावणेदोन वर्षं कशी गेली. त्यातलं काहीच त्या बोलल्या नाहीत.

"नियम होता," त्या म्हणाल्या, "पण मी नियमासाठी नाई केलं. तुझ्यावर जळली मी, दीपिका. लेकरं तुले बाई म्हणत होते, थे मले पाहावलं नाई."

दीपिका वेचतच राहिली. दोन-तीन झाडं झाली. मग ती थांबली.

"तुमाले सरकारनं बाई केलं," ती म्हणाली. "मले त्या लेकरायनं केलं होतं. माझ्यापाशी दुसरं काय होतं, बाई? तुमच्यापाशी त सगळंच होतं."

सगळंच होतं, हे ऐकून बाईंना आतून हसू आलं आणि रडूही आलं. ह्या पोरीलाही आपला हेवा वाटला असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. खुर्ची, सही, पगार, स्कुटी. नाक्यावर घामाने निथळणाऱ्या बाईकडे मिरचीने भाजलेले हात घेऊन पाहणाऱ्या पोरीला काय दिसलं असेल?

त्यांनी तिला परत चल म्हटलं. शाळेत दोघी मिळून शिकवू, म्हटलं. दीपिकाने मान हलवली. "हे मले काऊन सांगून राह्यल्या? माझ्या बापाले गाव बोललं. गावाले सांगा." आणि ती पुढच्या झाडाकडे वळली.

संक्रांतीच्या आधी वेचणी संपली आणि सडमेक कुटुंब गावी आलं. त्याच आठवड्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. तिसरी लाट आली म्हणून आदेश निघाला, बाईंच्या नावे पंधरा ते अठरा वयाच्या पोरांच्या लसीकरणाचं काम आलं. पण त्या कामावर जाण्याआधी त्यांनी गोटुलात शाळा समितीची बैठक बोलावली. समितीचेच नव्हे, अर्धंअधिक गाव आलं. पत्रूभाऊ मागे, खांबाला टेकून बसले होते. दीपिका त्यांच्या पलीकडे.

बाई उभ्या राहिल्या. मराठीत सुरुवात केली आणि मग थांबून गोंडीत बोलल्या, कारण हे सगळ्यांना कळायला हवं होतं. त्यांची गोंडी तशीच अडखळत होती. पोरीने गावाचं भलं केलं, असं त्यांनी सांगितलं. भीती आपण घातली आणि ती भीती खरी नव्हती. आपल्याला तिचा मत्सर वाटला. मत्सराला गोंडीत काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी 'माझं पोट जळलं' एवढंच म्हटलं. ते सगळ्यांना कळलं.

बिरजूभाऊंनी मान खाली घातली होती. मग रुखमाबाई उठली, पत्रूभाऊंच्या शेजारी जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "बाईचं पोट जळलं, थे बाईनं सांगतलं. आपलं काय जळलं होतं? आपण काऊन त्याच्या पंगतीत बसलो नाई?"

बाईंना वाटलं होतं, सांगितल्यावर मन मोकळं होईल. तसं झालं नाही. बैठक उठल्यावर गावाने पत्रूभाऊंना घेरलं, लेकरांनी दीपिकाला घेरलं, आणि बाई एकट्या स्कुटीपर्यंत चालत गेल्या. त्यांचं कुणी स्वागत केलं नाही आणि कुणी अपमानही केला नाही. फक्त पूर्वी बाई निघाल्या की कुणी ना कुणी मोहाची टोपली, वांगी, काहीतरी हातात द्यायचं. त्या दिवशी कुणी दिलं नाही. ते पुढेही बरेच महिने कुणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाटाची किल्ली दीपिकाच्या हातात दिली. समितीच्या वहीत तिचं नाव लिहून घेतलं आणि गोटुलातला वर्ग आपल्या जबाबदारीवर चालू आहे, अशी खाली सही केली. कुणी विचारलं तर उत्तर आपण देऊ, हे त्यांनी पाटलांनाही सांगितलं. पंधरा दिवसांनी शाळा उघडली तेव्हा पहिली-दुसरी दीपिकाकडे आणि तिसरी-चौथी बाईंकडे, असं ठरलं. आकडे मागणाऱ्या निरोपांना बाईंनी खरे आकडे लिहायला सुरुवात केली. खुलासे पुन्हा आले. ते त्यांनी एका खिळ्याला टोचून ठेवले.

हेवा गेला, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की बाईंचा खडू थांबायचा. दीपिकाचे लहानगे सुट्टीत तिच्या पाठीवर लोंबकळायचे आणि बाई वहीत डोकं घालायच्या. पण दोन खोल्यांत दोन माणसं असल्याने दुपारी अर्धा तास त्यांना नुसतं बसता यायचं. फेब्रुवारीत कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की आपण लच्छूला ओरडलो. बऱ्याच दिवसांनी कुणावर तरी मन लावून ओरडलो. लच्छूही त्या ओरडण्याने खूश दिसला.

मे महिन्यात बाईंनी दीपिकाच्या डी.एड.चा अर्ज भरला. टेकडीवरच्या त्या खडकावर दोघी दुपारभर बसल्या, कारण फॉर्म तीन वेळा अडकला. गडचिरोलीला नंबर लागला. जाताना दीपिका पाया पडायला वाकली तेव्हा बाईंनी तिला मध्येच धरलं. ह्या वयात अशी सुरुवात, पुढे सगळं मोकळं, आणि आपण इथे तेवीस लेकरांत, रिकाम्या जागेच्या शेजारी. पोट पुन्हा जळलं. बाईंनी ते जळू दिलं आणि तिची पिशवी काळीपिवळी जीपच्या टपावर चढवली.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली. दुसरा शिक्षक आला नव्हता. पहिलीत नवीन आलेल्या एका पोरीने बाईंचं टेबल धरून गोंडीत विचारलं की दीपिकाबाई कधी येणार.

"दोन वर्षांनी," बाई म्हणाल्या.

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत मी," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या गोंडीला वर्ग हसला.